दहा आणे आठ पै

माझे वडील २०१९ साली गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, विम्याच्या पावत्या आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या तळाशी, घडीवर फाटत आलेला एक कागद मला सापडला. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातील आमच्या मूळ गावच्या एका सर्व्हे नंबराचा तो १९३६-३७ सालचा सातबारा उतारा होता. त्या नंबरातील विहीर आणि तिच्याभोवतीची आंब्याची झाडे सामाईक असल्याने खातेदारांच्या नावांपुढे हिस्से आण्या-पैंत लिहिले होते. माझ्या पणजोबांच्या नावापुढे पाच आणे चार पै होते आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे दहा आणे आठ पै.

या आकड्यांनी आमच्या घरातील तीन पिढ्यांचा राग पोसला होता. पणजोबा दोघे भाऊ, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. दोघे भाऊ म्हणजे आठ-आठ आणे. मग आमचे दोन आणे आठ पै गेले कुठे, याचे उत्तर आजोबांनी आपल्यापुरते ठरवून टाकले होते. ‘वरच्या घराने विहीर गिळली’ हे वाक्य त्यांच्या तोंडी मी कित्येकदा ऐकले आहे. थोरल्या भावाच्या वंशाला आम्ही वरचे घर म्हणतो, आम्ही खालचे घर. दोन्ही घरांत लग्नकार्याचे बोलावणे जाई, पण पंगतीला माणूस बसत नसे.

ट्रंकेतला कागद हातात घेऊन मी तो हिशेब प्रथमच शांतपणे मांडला. जुना रुपया सोळा आण्यांचा आणि आणा बारा पैंचा, म्हणजे पूर्ण हिस्सा १९२ पैंचा. त्याचा तिसरा भाग ६४ पै, म्हणजे नेमके पाच आणे चार पै. आणि दोन तृतीयांश म्हणजे नेमके दहा आणे आठ पै. दांडगाईने बळकावलेला वाटा असा काटेकोर तिसऱ्या हिश्शावर येऊन थांबत नाही, असे मला वाटले. वाटणीच्या वेळी वाटे तीन असले पाहिजेत, भाऊ तीन असले पाहिजेत, आणि तिसऱ्याचा हिस्सा कोणत्या तरी मार्गाने वरच्या घरात गेला असला पाहिजे. तो तिसरा भाऊ कोण, एवढा एकच प्रश्न घेऊन मी शोधाला लागले. त्यात जवळजवळ चार वर्षे गेली.

जमिनीच्या कागदांतून पूर्वज शोधायचे तर आजच्या उताऱ्यापासून मागे जावे लागते, आणि आमच्या बाबतीत पहिली अडचण तिथेच आली. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार गावोगाव जमिनींची एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावर गट आहे आणि माझ्या हातातील कागदावर सर्व्हे नंबर. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे योजनेची पत्रके, ज्यांना लोक नऊ-तीन आणि नऊ-चारचा उतारा म्हणतात. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळाला. एकदा जुना नंबर निश्चित झाल्यावर हस्तलिखित सातबारे आणि त्यांच्या मागे असलेले फेरफार, म्हणजे हक्कातील बदलांच्या नोंदींचा गाव नमुना सहा, यांची मागणी करता आली. पूर्वी कोणत्या गटात कोणता नंबर गेला हे न पाहता मी दोन महिने भलत्याच कुटुंबाच्या नोंदी वाचत बसले होते, म्हणून हे सविस्तर लिहिले.

फेरफार वाचण्याची एक रीत आहे आणि ती कळली की कोरडा वाटणारा कागद बोलू लागतो. सातबाऱ्यावर जे नाव कमी होते त्याला कंस केलेला असतो आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन फेरफार काढायचा, त्यात वर्दी कोणी दिली, कोण मयत झाले, वारस कोण, त्यांचे मयताशी नाते काय, वय काय, हे पाहायचे, आणि तिथे लिहिलेल्या मागच्या क्रमांकावर जायचे. सन १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली, त्यामुळे बहुतेक गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकापर्यंत नेते. प्रत्येक वारसनोंद म्हणजे वंशवृक्षाची एक फांदीच असते. मात्र तिच्यातील दोन छोट्या खुणांकडे दुर्लक्ष केले तर अर्धे घर हरवते. पहिली खूण ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ज्या नावामागे ही अक्षरे असतात तो एकटा मालक नसतो, त्याच्या नावाआड भाऊ-पुतणे उभे असतात आणि त्यांची नावे कागदावर येत नाहीत. दुसरी खूण ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. अज्ञान म्हणजे अल्पवयीन. बहुतेक वेळा बाईचे नाव जमिनीच्या कागदावर प्रथम येते ते याच वाटेने, अज्ञान मुलाची पालनकर्ती आई म्हणून.

माझ्या १९३६-३७ च्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ होते. हा कागद मी आधी कितीदा तरी पाहिला होता आणि ती तीन अक्षरे वाचलीही होती, पण त्यांचा अर्थ मी कधी विचारला नव्हता.

तालुक्याच्या एका कार्यालयातील अभिलेख कक्षात मला फेरफाराची दोन पुस्तके मिळाली, एक १९१० च्या दशकातील आणि एक १९३० नंतरचे. मधल्या काळाचे पुस्तक मिळाले नाही. यादीत त्याचा क्रमांक होता, मांडणीवर जागाही होती, पुस्तक नव्हते. मी तीनदा लेखी अर्ज केला आणि तीनदा ‘आढळून येत नाही’ असा शेरा मिळाला. याचा मला त्या वेळी फार त्रास झाला, कारण एखाद्या गावाच्या दहा वर्षांच्या वारसनोंदी नसणे म्हणजे त्या दहा वर्षांत मेलेली माणसे आणि मागे उरलेल्या विधवा कागदावरून पुसल्या जाणे होय. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींचा शोध झाला आणि त्या निमित्ताने पुष्कळ जुनी पुस्तके कपाटांतून बाहेर आली. आमचे पुस्तक त्यांतही आले नाही.

पहिल्या पुस्तकात मात्र १९१९ ची एक नोंद होती आणि तिच्यासाठी मला मोडी शिकावी लागली. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे प्रशिक्षण वर्ग घेते. त्यातल्या एका वर्गाला मी बसले आणि नंतर घरी वर्षभर रोज एक पान वाचण्याचा नेम ठेवला. मोडीत शिरोरेघ आधी ओढलेली असते, शब्द एकमेकांना चिकटून येतात, इकार बहुधा दीर्घ आणि उकार बहुधा ऱ्हस्व लिहिला जातो, अनुस्वार सर्रास गाळला जातो. नावांच्या जोडणीसाठी दोन शब्द आधी ओळखावेत: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आपल्या नजरेला ‘कोम’ हा शब्द सापडू लागला की पानोपानी बायका दिसू लागतात. १९१९ च्या नोंदीत माझ्या खापरपणजोबांच्या धाकट्या मुलाचे नाव मयत म्हणून होते आणि वारस म्हणून त्याच्या विधवेचे. तिच्या नावाआधी काही नव्हते, नावानंतर ‘कोम’ आणि नवऱ्याचे नाव, वय सव्वीस. हयात भाऊबंदांचे हितसंबंध गुंतलेले असल्याने मी या लेखात कोणाचेच नाव देत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन तिचे नाव मी मोठ्याने वाचले, कारण आमच्या घरात ते निदान सत्तर वर्षांत कोणी उच्चारले नसावे.

तिचा नवरा कसा गेला, हे गाव नमुना चौदाने सांगितले. जन्ममृत्यूची ही नोंदवही, जिला बहुतेक ठिकाणी कोतवाल बुक म्हणतात, जमिनीशी संबंधित नसल्याने अनेकजण पाहायला विसरतात. ऑक्टोबर १९१८ चे पान मी उघडले तेव्हा एरवी महिन्याला चार-पाच नोंदी असणाऱ्या त्या वहीत ओळी संपतच नव्हत्या. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, पुन्हा ‘ताप’. इन्फ्लुएंझाची ती दुसरी लाट होती. आमच्या घरातील तीन नोंदी नऊ दिवसांच्या आत पडलेल्या आहेत: आधी तिसऱ्या भावाचा तीन वर्षांचा मुलगा, मग तो स्वतः, मग त्याची आई, म्हणजे माझी खापरपणजी. आईची नोंदही मुलाच्या नात्यानेच केलेली आहे, ‘अमक्याची आई’ अशी. तिचे स्वतःचे नाव लिहिलेले नाही. मी त्या पानाची नक्कल घेतली आणि त्या दिवशी पुढे काही वाचले नाही.

एवढे कळल्यावर गावात विचारपूस करणे भाग होते आणि शोधातील सर्वांत अवघड भाग तोच ठरला. जुने उतारे मागत फिरणारी नातेवाईक बाई म्हणजे वाटणीचा दावा, असाच अर्थ गावात घेतला जातो, आणि त्यात गावाचे काही चुकत नाही. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली देशभर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाल्यापासून अनेक घरांत तसे दावे झाले आहेत आणि ते रास्तही आहेत. वरच्या घरातील माझे चुलत चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांनी मला ओसरीवर बसवून चहा दिला आणि सरळ विचारले, ‘आक्का, जमिनीचं काय काढलंस आता? सगळं मिटलंय की.’ मी त्यांना उताऱ्यावरचा हिशेब दाखवला, तिसऱ्या भावाबद्दल सांगितले. ते ऐकून घेत राहिले, पण काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला मी माझ्या वाट्याचे जे काही असेल त्यावर हक्क सांगणार नसल्याचे बोलून दाखवले; त्यावर त्यांनी ‘तसं म्हणू नकोस, तुझा हक्क तुझ्याजवळ असू दे, पण आमच्यावर आळ नको’ असे उत्तर दिले. त्या उत्तराने मला उमगले की आमच्या घरात जसा राग वाढला तसा त्यांच्या घरात अपमान वाढला होता.

मधले पुस्तक नसल्याने मी दुसऱ्या दिशेने गेले. विधवेला नवऱ्याचे येणे वसूल करायचे असेल तर न्यायालयातून दाखला घ्यावा लागतो. वारसाच्या प्रमाणपत्रासाठी मुंबई इलाख्यात १८२७ चा आठवा रेग्युलेशन आहे, जो महाराष्ट्रात आजही वापरात आहे. आणि मयताचे कर्जाऊ येणे, ठेवी, रोखे यांच्यासाठी १८८९ चा उत्तराधिकार प्रमाणपत्राचा कायदा होता, ज्यातील तरतुदी पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात आल्या. या दुसऱ्या प्रकारच्या अर्जात एक गोष्ट कायद्यानेच लिहावी लागते: मयताचे कुटुंबीय आणि जवळचे नातलग कोण आणि ते कोठे राहतात. हे मला एका निवृत्त वकिलांनी सांगितले आणि शोधाची दिशा बदलली. जमिनीच्या नोंदीला ज्याला हिस्सा मिळतो तेवढाच माणूस ठाऊक असतो. अर्जाला मात्र ज्यांना काही मिळणार नाही तेही लिहावे लागतात, म्हणून लग्न होऊन गेलेल्या मुली, बहिणी, सासरच्या गावांसकट, त्यात सापडण्याची शक्यता असते. मुंबई शहरात जिथे मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची मान्यता, घेण्याची पद्धत होती तिथल्या अर्जांतही अशीच माहिती मिळते. ज्यांचे पूर्वज मुंबईत मिळकत ठेवून गेले त्यांनी उच्च न्यायालयाच्या जुन्या नोंदी जरूर पाहाव्यात.

तिसरा भाऊ साताऱ्यात एका वखारीत हिशेब लिहीत असे आणि त्याने दोघांना कर्जाऊ रकमा दिल्या होत्या, हे मला न्यायालयाच्या नोंदवहीतील अर्जाच्या मथळ्यावरून समजले. १९२० सालच्या नोंदवहीत अर्जदार म्हणून त्याच्या विधवेचेच नाव होते. मूळ प्रकरण मात्र ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले गेले होते. नोंदवहीतील दोन ओळी हाती घेऊन मी पुन्हा गावी गेले आणि त्यांची नक्कल तात्यांच्या हाती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, आत गेले, आणि देवघरावरच्या फडताळातून कापडात बांधलेले एक पुडके घेऊन आले. त्यात त्या अर्जाची न्यायालयाने दिलेली नक्कल होती आणि तिच्याखाली, नोंदणीचे शिक्के असलेले, १९२४ सालचे दत्तकपत्र.

ते दोन कागद मी तात्यांच्या ओसरीवर वाचले. दत्तकपत्रात लिहिले होते की तिसऱ्या भावाच्या विधवेने, नवऱ्याचे नाव चालावे म्हणून, थोरल्या दिराचा दुसरा मुलगा विधिपूर्वक दत्तक घेतला. देणारा म्हणून थोरल्या भावाची सही होती. साक्षीदारांत पहिली सही, मोडीतली, किंचित उजवीकडे झुकलेली, माझ्या पणजोबांची होती. म्हणजे विहिरीतील तो तिसरा हिस्सा कोणी गिळला नव्हता. तो दत्तक मुलाचा होता, आणि आमच्या पणजोबांनी स्वतः साक्ष घालून तो त्याला जाताना पाहिला होता. पुढची गोष्ट १९३० नंतरच्या फेरफारांतून जुळली. दत्तक आई वारली, मुलगा अज्ञान होता, त्याचा जन्मदाता बाप पालनकर्ता झाला, आणि पुढे दोन्ही हिस्से एकत्र कुटुंबाचे म्हणून एकाच नावाखाली ‘ए.कु.मॅ.’ लिहिले गेले. दहा आणे आठ पै असे झाले. त्याच काळात माझे पणजोबाही वारले. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे होते, त्यांनी मोठेपणी उतारा पाहिला, दत्तकपत्र कधी पाहिले नाही. तात्यांच्या घरी दत्तकपत्र होते, पण ते मोडीत असल्याने त्यांच्या पिढीत ते कोणाला वाचता आले नव्हते. ‘हे आपल्या खरेपणाचे कागद आहेत’ एवढेच त्यांना वडिलांनी सांगून ठेवले होते.

मी दोन्ही कागदांचे बाळबोध लिप्यंतर केले, एका जाणकाराकडून तपासून घेतले आणि दोन्ही घरांत एकेक प्रत दिली. नोंदणी कार्यालयात नावांच्या सूचीवरून त्या वर्षाचा शोध घेऊन दत्तकपत्राची अधिकृत नक्कलही काढली, कारण घरातील कागदावर घरचीच माणसे विश्वास ठेवतील असे नाही.

पण मला त्या पुडक्यातील पहिला कागद जास्त महत्त्वाचा वाटला. न्यायालयाच्या अर्जात नातलगांच्या यादीत दोन दिरांच्या नंतर एक ओळ होती: मुलगी एक, वय आठ, लग्न झालेली, आणि सासरचे गाव. ही मुलगी १९१९ च्या फेरफारात नाही. १९३० नंतरच्या एकाही नोंदीत नाही. तिच्या बापाची जमीन, विहीर, आंबे, कर्जाऊ रकमा या सगळ्यांचा हिशेब पैपर्यंत लिहिला गेला आणि त्यात तिचे नाव येण्याचे कारणच नव्हते. हिंदू मुलीला बापाच्या मिळकतीत वारस म्हणून मुलाबरोबर जागा देणारा कायदा आला तो १९५६ साली. मी इतके दिवस तिसरा भाऊ शोधत होते, आणि तोवर ही मुलगी मला माहीतच नव्हती.

तिला शोधताना मी मोठी चूक केली. सासरच्या गावाचे नाव मी अनुस्वाराशिवाय जसे लिहिले होते तसे वाचले आणि माण तालुक्यातील एका गावी आठ महिने चौकशी केली. तिथल्या लोकांनी आपुलकीने दप्तरे दाखवली, म्हाताऱ्या बायकांशी गाठ घालून दिली, पण काही जुळेना. मोडीत अनुस्वार गाळतात हे मला शिकवलेले होते. ते मला वेळेवर आठवले नाही. अनुस्वार घालून वाचल्यावर ते नाव खटाव तालुक्यातील दुसऱ्या एका गावाचे निघाले. तिथे मला तिची नात भेटली, वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने दिसत नाही. तिला आजीच्या माहेरचे आडनाव ठाऊक होते, गाव ठाऊक होते, आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती: दर दिवाळीला आजीला माहेरून भाऊ चोळीबांगडी घेऊन येत असे, बैलगाडीने, आणि आंब्याच्या दिवसांत पाटीभर आंबे आणत असे. भावाचे जे नाव तिने सांगितले ते दत्तक मुलाचे होते. कागदावर कुठेही नसलेले हे बहीणभावाचे नाते त्यांनी आयुष्यभर पाळले होते. मी तिला विहिरीजवळच्या झाडांची सामाईक नोंद दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘खोबऱ्या आंबा होता तिथं एक.’ तात्यांना मी फोन लावून विचारले. खोबऱ्या आंबा त्यांनी पाहिला होता. तो १९७२ च्या दुष्काळानंतर वाळला.

खापरपणजीचे नाव मात्र कुठल्याच सरकारी कागदात आले नव्हते. ते मला त्र्यंबकेश्वरी मिळाले. तिथले तीर्थोपाध्याय यजमानांच्या नावांच्या चोपड्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. आडनाव आणि गाव सांगितले की कोणत्या घराण्याकडे आपली चोपडी आहे ते कळते. दत्तक मुलाला घेऊन थोरला भाऊ शके १८५२ मध्ये तिथे श्राद्धाला गेला होता. तीर्थश्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात, आणि गुरुजींनी ती चोपडीत उतरवून ठेवली होती. सातबाऱ्याला जी बाई नको होती ती पिंडदानाला लागली, म्हणून तिचे नाव राहिले. तिच्या सासूचेही राहिले.

यापलीकडे जाण्यासाठी मी पुणे पुरालेखागारात गेले. पेशवे दफ्तर तिथेच आहे. कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि मागणीपत्र भरून एकेक रुमाल वाचायला मिळतो. इथे तालुक्याचे नाव उपयोगाचे नसते. आमचे गाव आज कोरेगाव तालुक्यात असले तरी जुन्या कागदांत ते प्रांत वाईच्या हद्दीत शोधावे लागते. सालेही वेगळी असतात. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१८, हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८१७ येते आणि वर्षाचा उरलेला भाग १८१८ मध्ये पडतो. आमच्या गावचा एक थळझाडा मला मिळाला. थळ म्हणजे मिरासदार, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, घराण्याची मूळ जमीन, आणि थळझाडा म्हणजे गावातील थळांची, त्या थळकऱ्यांच्या आणि कसणाऱ्यांच्या नावांची यादी. जी घराणी नष्ट झाली त्यांच्या जमिनीपुढे ‘गतकूळ’ असे लिहिलेले असते. गावात तेव्हा अशी सहा थळे होती.

आमच्या आडनावाचे एक थळ त्या यादीत आहे. त्याच्यापुढे दोघांची नावे आहेत, बापलेक असावेत, ‘बिन’ने जोडलेली. त्या थळाच्या वर्णनात ‘ओढ्याच्या वरली पट्टी’ असे शब्द आहेत आणि आमची विहीर ओढ्याच्या वरच्या अंगालाच आहे. चोपडीतील सर्वांत जुने नाव आणि थळझाड्यातील मुलाचे नाव मात्र एक नाही. मध्ये एक किंवा दोन पिढ्या असाव्यात, आणि त्या भरून काढणारा कागद अजून मला मिळालेला नाही. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर आमच्या भागात इंग्रजी मोजणी झाली, तेव्हा प्रथम सर्व्हे नंबर पडले आणि प्रत्येक नंबराला खातेदार लिहिला गेला. त्या पहिल्या मोजणीच्या पत्रकांसाठी मी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे. वंशावळीच्या कागदावर ती दोन नावे मी सर्वांत वर लिहिली आहेत आणि खालच्या नावांपर्यंतची रेघ तुटक ठेवली आहे. शेजारी, तिसऱ्या भावाच्या नावाखाली, दत्तक मुलाच्या डाव्या बाजूला, त्या आठ वर्षांच्या मुलीचे नाव आहे, आणि तिथून खटाव तालुक्यातील घरापर्यंतची रेघ सलग आहे.